रॉक अल्बम जमवायचेत? मग आधी कव्हरची मागची बाजू वाच

माझा मावसभाऊ यंदा अकरावीला गेला आणि कॉलेज धड सुरू व्हायच्या आत त्याला रॉकची लागण झाली. परवा रात्री साडेबाराला मेसेज, दादा मला पण तुझ्यासारखं कलेक्शन करायचंय, टॉप १०० अल्बमची लिस्ट पाठव ना. मी नाही पाठवली. लिस्टवाले लोक मी बघितलेत, एक अल्बम चालू असतो आणि यांचं लक्ष पुढचा नंबर कुठला त्याच्यावर, सहा महिन्यांनी विचारलं काय आवडलं तर डोकं खाजवतात. म्हणून त्याला नीट समजावून लिहायला बसलो, ते एवढं लांबलं की म्हटलं सगळ्यांसाठीच टाकूया.

तर पहिली गोष्ट, लगेच पैसे काढू नकोस. पहिले दोन-तीन महिने एक रुपया नाही. फोनवर जे कुठलं अॅप आहे त्यावरच ऐक, फक्त शफल बंद आणि अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत. ग्रेटेस्ट हिट्सनी सुरुवात नको, त्यात चांगली गाणी असतात पण ती लग्नाच्या पंगतीत नुसती जिलेबी वाढल्यासारखी. आणि एक गंमत लक्षात ठेव, एलपी, म्हणजे ती मोठी काळी रेकॉर्ड, अमेरिकेत कोलंबिया कंपनीने १९४८ मध्ये आणली, मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेरे, एका बाजूला साधारण २०-२२ मिनिटं मावतात, म्हणून जुने अल्बम म्हणजे नाटकासारखे दोन अंकी असायचे, पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं कुठलं आणि रेकॉर्ड पलटल्यावर पहिलं कुठलं वाजणार यावर बँडवाले डोकं लावायचे. अॅपमध्ये तो मध्यंतरच गायब होतो. मी अजूनही सत्तरच्या दशकातला अल्बम असेल तर अर्ध्यात पॉज करतो, उठतो, पाणी पितो, मग पुढचा भाग. आई म्हणते वेडा आहेस. असेन. पण करून बघ, दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं वेगळंच अंगावर येतं.

एक वही कर. फोनमधली नोट नको, साधी २०० पानी वही. अल्बमचं नाव, साल, कोण कोण वाजवतंय, कुठलं गाणं डोक्यात राहिलं, कुठलं कंटाळवाणं वाटलं. दोन आठवड्यांत एकच अल्बम तीनदा ऐक, आणि तिसऱ्यांदा ऐकूनही परत लावावासा वाटला तरच तो विकत घ्यायच्या यादीत. माझ्या वहीत पहिल्या वर्षी ७० च्या वर नावं आहेत, त्यातली ९ घेतली. बाकीची वाईट नव्हती, पण घरात आणावी एवढी नव्हती.

आता मेन मुद्दा, हा नीट वाच. पुढचा अल्बम कुठला ऐकायचा हे अॅपला विचारू नको, हातातल्या अल्बमच्या मागे जी बारीक अक्षरं छापलेली असतात ना, त्यांना विचार. अॅप तुला तसाच आवाज परत परत देणार, म्हणजे हे आवडलं का, घे याचाच चुलतभाऊ. बारीक अक्षरं तुला दुसऱ्या गावाला नेतात.

माझं कसं झालं सांगतो. ठाण्याच्या मामाकडे माळ्यावर कॅसेटींनी भरलेला एक बुटाचा खोका होता, त्यात नाट्यगीतं, किशोरकुमार आणि मध्येच डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडची ‘मशीन हेड’. कॅसेटच्या कागदावर फक्त गाण्यांची नावं, बाकी काही नाही. कॅसेट इतकी वाजलेली की मधला तो छोटा फेल्टचा तुकडा असतो ना, टेपला हेडवर दाबून धरणारा, तो पण निघालेला, आवाज कंबलमधून यावा तसा. मी तो तुकडा दुसऱ्या रद्दी कॅसेटमधून चिमट्याने काढून बसवला आणि मग कळलं काय चीज आहे ती. दोन वर्षांनी त्याच अल्बमची एलपी हातात आली आणि मागे नाव वाचलं, रेकॉर्डिंगचा इंजिनिअर मार्टिन बर्च. नाव वहीत लिहिलं, शोधलं, आणि लॉटरी लागली. हाच माणूस १९६९ मध्ये फ्लीटवूड मॅक या बँडचं रेकॉर्डिंग करत होता, म्हणजे ते ब्लूज वाजवायचे तेव्हा. १९७२ ला मशीन हेड. १९७६ ला रेनबो या बँडचा ‘रायझिंग’, तो त्यानेच प्रोड्यूस केला, गिटारवर तोच डीप पर्पलचा रिची ब्लॅकमोर, पण गायक नवीन, रॉनी जेम्स डिओ. मग डिओच्या मागे गेलो तर तो १९८० मध्ये ब्लॅक सबाथमध्ये, ‘हेवन अँड हेल’, आणि प्रोड्यूसर कोण, परत बर्चच! आणि १९८१ पासून १९९२ पर्यंत आयर्न मेडनचे सगळे स्टुडिओ अल्बम त्याच्याच हातचे. एका नावाच्या शेपटाला धरून मी ब्लूजपासून हेवी मेटलपर्यंत २३ वर्षं चालत गेलो, एकही लिस्ट न वाचता.

त्याच कव्हरवर अजून एक नाव होतं, रोलिंग स्टोन्स मोबाइल. मला वाटलं कुठली फोन कंपनी. तो होता ट्रक, आत रेकॉर्डिंग स्टुडिओ असलेला, रोलिंग स्टोन्सच्या मालकीचा आणि ते भाड्याने द्यायचे. डीप पर्पलवाले डिसेंबर १९७१ मध्ये स्वित्झर्लंडला माँट्रोच्या कसिनोत रेकॉर्डिंग करायला गेले, तिथं आधी फ्रँक झॅपा या अमेरिकन संगीतकाराचा शो होता, त्यात कोणीतरी फ्लेअर गन उडवली आणि अख्खा कसिनो जळाला, मग यांनी थंडीत बंद असलेल्या हॉटेलात भिंतींना गाद्या लावून तो अल्बम उरकला, केबल खालच्या ट्रकपर्यंत. आणि लेड झेपलिनचा १९७१ चा तो बिननावाचा चौथा अल्बम, त्याचाही बराच भाग याच ट्रकमध्ये रेकॉर्ड झालाय. मग तो ऐकायलाच लागणार ना. बघ, माणूस नाही तर ट्रकसुद्धा वाट दाखवतो.

झेपलिनचं निघालंच आहे तर, त्यांच्या ‘कोडा’ अल्बमची २०१५ ला जी मोठी आवृत्ती आली तिच्यात दोन ट्रॅकवर बॉम्बे ऑर्केस्ट्रा असं छापलंय. झेपलिनचा गिटारवाला जिमी पेज आणि गायक रॉबर्ट प्लांट १९७२ मध्ये मुंबईत येऊन इथल्या वादकांबरोबर रेकॉर्डिंग करून गेलेले, ते ४३ वर्षांनंतर अधिकृतपणे बाहेर आलं. मी हे लोकलमध्ये उभ्याने वाचलं आणि माझं स्टेशन गेलं.

नव्वदच्या दशकात जायचं असेल तर स्टीव्ह अल्बिनी या रेकॉर्डिंग इंजिनिअरचं नाव धर. पिक्सीजचा १९८८ चा अल्बम, पीजे हार्वीचा १९९३ चा, निर्वाणाचा शेवटचा स्टुडिओ अल्बम, तोही १९९३ चा, तिन्हीकडे तोच. ड्रम असे वाजतात जसे तुझ्याच खोलीत कोणीतरी कपाट पाडतंय. शहराचं नाव धरूनही जाता येतं, म्हणजे बर्मिंगहॅम म्हटलं की सबाथ आणि जुडास प्रीस्ट, सिएटल म्हटलं की साउंडगार्डन, पर्ल जॅम, अॅलिस इन चेन्स. नाहीतर एखादा बँड फुटला की कोण कुठे गेलं ते बघ, यार्डबर्ड्स नावाच्या एकाच बँडमधून एरिक क्लॅप्टन, जेफ बेक आणि जिमी पेज तिघे गेलेत, त्या तिघांच्या मागे लागलास तर बारावीपर्यंत पुरेल. आणि आपल्याकडचं सोडू नकोस हं, मुंबईच्या रॉक मशीनचा पहिला अल्बम १९८८ चा, नंतर तेच इंडस क्रीड झाले. जुन्या कॅसेटींच्या ढिगात तो दिसला तर मला फोन कर, आधी घे मग कर.

विकत काय घ्यायचं? सगळे एलपीवर उड्या मारतात, फोटो भारी येतो ना. मी म्हणतो आधी सीडी. कारण आज सीडी कोणालाच नकोय, लोक घर बदलताना खोकेच्या खोके देऊन टाकतात, आवाज स्वच्छ, आणि आत पुस्तिका असते ज्यात ती बारीक अक्षरं, गाण्याचे शब्द, कोणी कुठे काय वाजवलं सगळं. वाजवायला जुना डीव्हीडी प्लेयर चालतो. घेताना सीडी ट्यूबलाइटकडे धरून आरपार बघ, छापील बाजूला टाचणीएवढी भोकं दिसली आणि प्रकाश आला तर ठेवून दे, वाचणाऱ्या बाजूचे बारीक ओरखडे बऱ्याचदा चालून जातात पण वरच्या बाजूला खरवडलेलं असेल तर डेटाच गेला. रिमास्टर, म्हणजे जुनं रेकॉर्डिंग नव्याने साफ करून काढलेलं, असं लिहिलं म्हणजे चांगलीच असं समजू नको, बरेच रिमास्टर नुसते आवाज चढवलेले असतात, हळू आणि जोरात यातला फरकच उरत नाही.

कॅसेट स्वस्त आणि मजेची, पण टेपच्या गुंडाळीवर पांढरी बुरशी बघ, आपल्याकडच्या पावसात हमखास धरते. तशी कॅसेट तशीच वाजवली तर बुरशी प्लेयरच्या हेडला लागते आणि तिथून पुढच्या कॅसेटला. फेल्ट आहे का बघ, चाकं पेन्सिलने फिरतात का बघ. बास.

एलपीवर येऊ. प्लेयर घेताना ते सुटकेससारखे दिसणारे एकदम स्वस्तातले घेऊ नको, त्यातल्या बऱ्याच मॉडेलमध्ये सुईचं वजन ५ ग्रॅमच्या आसपास पडतं, बऱ्यापैकी टर्नटेबलला २ ग्रॅमच्या आसपास पुरतं, म्हणजे तू प्रत्येक वेळी रेकॉर्डवर नांगर चालवतोयस. शिवाय टर्नटेबलचा आवाज सरळ स्पीकरला लावला तर किडूकमिडूक येतो, मध्ये फोनो प्रीअँप, म्हणजे सुईचा बारीक आवाज वाढवणारा डबा, लागतो, काही टर्नटेबलमध्ये तो आतच असतो, घ्यायच्या आधी विचार. पैसे नसतील तर थांब. मी सव्वा वर्ष प्लेयर नसताना रेकॉर्ड जमवत होतो, नुसती कव्हरं वाचायचो.

कुठे मिळतात. मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे कॅसेट-रेकॉर्डचं दुकान २०१६ ला बंद झालं, मी शाळेत असताना मामाबरोबर एकदाच गेलेलो, त्यामुळे त्याच्या गोष्टी मामाकडून ऐक. आता चोर बाजार, मटण स्ट्रीट, पण शुक्रवारी दुकानं बंद असतात आणि पहाटेचा वेगळाच बाजार भरतो, म्हणून पहिल्यांदा जाशील तर शनिवारी जा, सँडहर्स्ट रोड नाहीतर ग्रँट रोडला उतरून चालत. पुण्यात असलास तर बुधवार-रविवारचा जुना बाजार. गोव्यात घरं रिकामी होतात तेव्हा भारी माल निघतो, माझ्या म्हापशाच्या मित्राचे आजोबा बोटीवर होते, त्यांनी प्रत्येक बंदरातून एक अशा रेकॉर्ड आणलेल्या. आणि आपला रद्दीवाला! त्याला नंबर देऊन ठेव, रेकॉर्ड आल्या की कळव म्हणून, दहा वेळा भजनं निघतील आणि अकराव्यांदा पिंक फ्लॉइड. ऑनलाइन घेतोस तर ग्रेडिंग, म्हणजे रेकॉर्डची हालत सांगणारी अक्षरं, शिकून घे, व्हीजी म्हणजे व्हेरी गुड असं लिहितात पण त्याचा खरा अर्थ चरचर ऐकू येणार असा आहे, व्हीजी प्लसच्या खाली मी जात नाही.

दुकानात गेल्यावर हवी ती रेकॉर्ड बघून ओरडू नको. पाच-सहा उचल, हवी ती मधोमध ठेव, आणि भाव आधी दुसऱ्याच कुठल्यातरी रेकॉर्डचा विचार. मग बाहेर काढून बघ. हा भाग विसरू नकोस, का ते सांगतो. मी एकदा पावसात भिजत एका ठिकाणी गेलो, डीप पर्पलचं कव्हर दिसलं, ‘इन रॉक’, डोंगरात कोरलेले चेहरे, लॅमिनेशन पण शाबूत, माझे हात थरथरत होते, दुकानदार म्हणाला लाइट गेलीय, माल ओरिजिनल आहे, मी ९०० दिले, पिशवीत गुंडाळलं, घरी आलो, पाय धुतले, रेकॉर्ड काढली आणि आत जिम रीव्हज. संथ, गोड, लोरीसारखा माणूस. पर्पलचं कव्हर आणि आत जिम रीव्हज! दोन दिवस जेवण गेलं नाही. आता आई रविवारी पोहे करताना तीच लावायला सांगते, तिला पर्पलपेक्षा बरी वाटते.

तर टॉर्च ने. रेकॉर्ड तिरपी धरून उजेडात फिरव, ओरखडा नखाला अडकला तर तो वाजणार, नुसता दिसत असेल तर बहुतेक नाही. डोळ्याच्या रेषेत आडवी धरून बघ वाकलीय का. मधल्या भोकाभोवती लेबलवर बारीक पांढऱ्या रेषांचं जाळं असेल तर खूप वाजलेली आहे. आणि शेवटच्या गाण्यानंतर जो गुळगुळीत पट्टा असतो त्यात नंबर कोरलेला असतो, तो कव्हरवरच्या नाहीतर लेबलवरच्या नंबरशी जुळव, पुढे जाऊन इंटरनेटवर टाकलास की कुठल्या देशातली, कुठली आवृत्ती, सगळं निघतं.

साल ओळखायचं म्हटलं तर कव्हरवर १९७३ छापलंय म्हणजे रेकॉर्ड १९७३ ची असं नसतं, ते अल्बमचं साल. अशा १९७३ च्या अल्बमच्या मागे बारकोड असेल तर ती पहिली आवृत्ती नाहीच, एवढं पक्कं. भारतीय रेकॉर्डवर मागे डमडम लिहिलेलं दिसेल, कलकत्त्याजवळचं, तिथं ग्रामोफोन कंपनीचा कारखाना. अशा भारतीय आवृत्त्या बाहेरच्या लोकांना हव्या असतात, आपल्याकडे मात्र लोक इंपोर्टेड आहे का विचारतात, असो. अजून एक माझी ट्रिक, जुन्या दुकानाचा शिक्का वाच. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, तेव्हा शिक्क्यात सहा आकडी पिन असेल तर विक्री त्यानंतरची. इंग्रजीत बॉम्बे ऐवजी मुंबई असेल तर १९९५ च्या पुढची. आणि पिंक फ्लॉइडच्या ‘डार्क साइड ऑफ द मून’ची ब्रिटिश एलपी कोणी पहिली आवृत्ती म्हणून विकत असेल तर पोस्टर कुठेय विचार, मूळ पाकिटात दोन पोस्टर आणि दोन स्टिकर होते. नसेल तरी घे, पण भाव पाडून घे.

घरी आणल्यावर धू. नळाचं पाणी नको, त्यातला क्षार खाचांमध्ये बसतो, औषधांच्या दुकानात नाहीतर बॅटरीवाल्याकडे डिस्टिल्ड वॉटर मिळतं, त्यात भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब, मऊ मायक्रोफायबर कापड, खाचांच्या दिशेने गोल गोल, आडवं घासायचं नाही, लेबल कोरडं ठेवायचं, मग परत नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुसायचं आणि भांड्याच्या स्टँडमध्ये उभी करायची, पंख्याखाली. ताटलीसारखी दिसते म्हणून बाबांनी एकदा मोजून ताटांबरोबर आत ठेवलेली. आणि ७८ फेऱ्यांच्या जुन्या जड रेकॉर्ड मिळाल्या तर त्यांना स्पिरिट किंवा अल्कोहोल अजिबात लावू नको, त्या लाखेच्या असतात, विरघळतात. तुझ्या एलपीच्या सुईने वाजवू पण नको.

ठेवायच्या उभ्या, पुस्तकासारख्या, एकावर एक रचलीस की खालच्या वाकतात. माळ्यावर तर नाहीच, पत्र्याखालचा माळा एप्रिलमध्ये किती तापतो माहितीये ना, एक उन्हाळा पुरतो. फळी चांगली जाड घे, १०० एलपी म्हणजे २५ किलोच्या आसपास, तांदळाच्या गोणीएवढं, मी आधी पुस्तकांच्या पातळ फळीवर ठेवलेल्या, रात्री दोनला सगळं घर उठलं. पावसाळ्यात बाहेरच्या प्लास्टिक पिशवीत ओल कोंडते, पिशवीचं तोंड उघडं ठेव, महिन्यातून एकदा सगळ्या बाहेर काढून पंखा लाव.

उसनं द्यायचं तर वहीच्या शेवटच्या पानावर नाव आणि तारीख लिहून, मित्र असला तरी, किंबहुना मित्र असला तर जास्तच. माझा एक ‘रायझिंग’ असाच गेलाय, विचारलं की म्हणतो देतो रे.

आणि मावसभाऊ, तू शनिवारी येतोयस तर टॉर्च आण, पाचशेच्या नोटा नको, शंभराच्या आण, पाचशेची नोट दिसली की भाव तिथेच थांबतो. मशीन हेडची कॅसेट तुझ्यासाठी काढून ठेवलीय, फेल्ट मी परत बसवलाय, पण जपून, तिसऱ्या गाण्यात टेप अजून थोडी ओढते.